गाव नाव घेत नाही

११ ऑगस्ट, रविवार

आज बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, समोर बसवून घेतलं. म्हणजे पोळा जवळ आला.

"लिहून घे," म्हणाले आणि मग बराच वेळ गप्पच बसले. लकव्याचा झटका येऊन गेल्यापासून हे असं होतं. हात सुधारला, पाय सुधारला, आवाज तर पहिल्यासारखाच खणखणीत आहे. पण जुळलेले शब्द तोंडी येत नाहीत. सासरे झडती म्हणायला उभे राहिले की अजून मैदानाच्या टोकापर्यंत ऐकू जातं. लिहिते मात्र मी. हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. पुंजाजींच्या झडत्या सून लिहिते असं कळलं तर पुढच्या पोळ्याला आमच्यावरच झडती होईल.

लग्न होऊन आले तेव्हा मला या प्रकाराची गंमत वाटायची. बैल सजवून तोरणाखाली उभे करायचे, आणि तोरण तुटायच्या आधी एकेकानं पुढे येऊन चार ओळींची झडती म्हणायची. त्यात भाववाढ येते, पुढारी येतात, कुणाची लबाडी येते. शेवटी सगळ्यांनी मिळून हर हर महादेव. नाव कुणाचंच घ्यायचं नाही. ज्याला लागायचं त्याला लागतं, गाव ओळखून हसतं. आणि तो माणूस चिडून "हे माह्यावर म्हटलं का?" असं विचारायला गेला की तो हरला. अंगावर घेणाऱ्याची मग वर्षभर थट्टा.

यंदा कशावर झडती हवी ते सांगायची गरजच नाही. नाल्यापलीकडच्या वावरांकडे जाणारी पांदण, सगळ्यांची गाडीवाट, उन्हाळ्यात भाऊंनी तारेच्या कुंपणात घेतली. गाड्या आता नाल्यातून फिरून जातात. पाणी आलं की तेही बंद. रोज सगळे ती तार बघतात आणि पावसापाण्याचं बोलतात.

भाऊंना गावात नुसतं भाऊच म्हणतात, मीही इथे तेच लिहिते. त्यांच्याच शाळेत हे कारकून आहेत. कितीतरी वर्षं झाली, अजून नोकरीला सरकारी मान्यता नाही. भाऊंनी मनावर घेतलं तर प्रस्ताव पुढे जाईल, नाही घेतलं तर तिथेच पडून राहील.

बाबा शेवटी एवढंच म्हणाले, "तूच पाह्य बाप्पा. मले तं काही सुचून नाही राह्यलं."

१४ ऑगस्ट, बुधवार

सकाळी तुळशीरामकाका आले. त्यांचं वावर पांदणीच्या तोंडाशीच आहे. बाबांचे लहानपणचे सोबती, त्यामुळे बोलणं अरेतुरेचं.

"पुंजाजी, तहसीलीत अर्ज देल्ला. तलाठी म्हनते, वाट कोनं अडवली ते सांगनारे पाच जन आना. मले पाच जन भेटून नाही राह्यले बे."

"मंग मी काय करू? मी तहसीलदार हाओ का?"

"तहसीलदाराचं कोन ऐकते? तुहं ऐकते गाव. तू एकडाव बोलला का लोकाइले कंठ फुटते."

"कंठ फुटते का डोस्कं फुटते, ते पाह्यजो."

दोघंही हसले. मी चहा दिला. काका जाताना मला म्हणाले, "सूनबाई, याले जरा हिंमत दे." मी मान हलवली. काय सांगणार?

संध्याकाळी भागवत आला. भाऊंच्या मागेपुढे असतो तो. बाबांच्या पाया पडला, तब्येत विचारली. मग म्हणाला, "बाबा, औंदा झडती गोडच येऊ द्या. अन् हो, भाऊ म्हनत होते, गोविंदाच्या मान्यतेचं काम पोळा झाल्यावर हातात घेतो."

धमकी म्हणावी तर शब्दांत कुठेच नाही. उलट आशीर्वादच वाटतो. पण तो गेल्यावर घरात कुणी जेवलं नाही नीट.

२० ऑगस्ट, मंगळवार

काही सुचत नाही. भाऊंवर लिहिलं तर ह्यांची नोकरी जाते. नाही लिहिलं तर काका तोंडघशी पडतात. बैलांच्या सजावटीवर, पाऊसपाण्यावर काहीतरी लिहून वेळ मारून न्यावी म्हटलं, तर बाबा म्हणाले, "मंग गाव म्हनंन, पुंजाजी बिकला. थेबी झडतीच झाली ना, आपल्यावर."

प्रकृतीचं कारण सांगून घरी बसू म्हटलं. त्यावर त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. बरोबरच आहे. त्याचाही अर्थ काढतील.

बोललं तरी अर्थ, गप्प बसलं तरी अर्थ. दिवसभर ब्लाउज शिवत बसले. उलटी बाही लावली, उसवली, परत लावली.

हे म्हणाले, "लिही. पण जपून लिही, एवढंच. कुणावर आहे ते कळलं पाहिजे आणि धरता आलं नाही पाहिजे." तेच तर अवघड आहे.

२४ ऑगस्ट, शनिवार

जमली. कणीक मळता मळता एकदम जमली. हात तसेच पिठाचे ठेवून बाबांना म्हणून दाखवली.

काल होती वाट तिथं, आज उगवली तार,
बैल माहा पुसते मले, कुठून जाऊ पार?
वाट गिळून बसला कोनी, ढेकर नाही देत,
गाव सारं पाह्यते पन नाव नाही घेत!

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची ओळ त्यांनी दोनदा म्हटली.

ह्यांनी वाचली आणि म्हणाले, तार नको. गावात तार एकाच माणसाची आहे, सरळ बोट दाखवल्यासारखं होतं. थोडा वेळ पुटपुटले आणि त्यांनीच बदलून दिली: 'काल होती वाट तिथं, आज पडला काटा, बैल माहा पुसते मले, कुठं गेल्या वाटा?' मला कौतुक वाटलं. ह्यांना यमक जुळवता येतं हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. वाचायलाही गोड झाली. काटा म्हणजे अडथळा, सगळ्यांना कळेलच.

ह्यांनी कागदाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. बाबांसाठी मोठ्या अक्षरात टाईप करून आणतो म्हणाले. किती बारीक विचार करतात.

२९ ऑगस्ट, गुरुवार

हे शाळेतून उशिरा आले. भाऊंनी बसवून घेतलं होतं म्हणे, स्वतः चहा सांगितला. "माणूस वाटतो तितका वाईट नाही गं," म्हणाले. बरेच दिवसांनी हसून बोलले. मीही वाद घातला नाही. चार दिवसांनी सगळं बिनसणारच आहे, तोवर राहू दे.

टाईप केलेला कागद विसरले. बाबांची झडती मी हातानेच मोठ्या अक्षरात लिहून दिली.

१ सप्टेंबर, रविवार

बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी लावलं. आमची जोडी विकल्यापासून बाबा तुळशीरामकाकांच्या गोठ्यात जाऊन खांदे मळतात. मीही गेले होते. सिंधूकाकूंनी पुरणाला डाळ काढून ठेवलेली दाखवली. काकांच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बोरीच्या काट्यांची नवी कुपाटी घालून कुंपण केलेलं आहे. रानडुकरं फार माजलीत, त्यांनी मागच्या साली सोयाबीन उकरून टाकलं होतं.

काका म्हणाले, "पाठ झाली का बे?"

बाबा म्हणाले, "उद्या आयकजो."

त्या दोघांकडे बघून मला भीती वाटली आणि बरंही वाटलं.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

दिवा लावून झाला आणि लगेच लिहायला बसले.

मारुतीसमोरच्या मैदानात तोरण होतं. आम्ही बायका शाळेच्या भिंतीपाशी. चार-पाच झडत्या झाल्या. सोयाबीनच्या भावाची झाली, कुठल्याशा पुढाऱ्याच्या पक्षबदलाची झाली. मग बाबा पुढे आले. डफडं थांबलं.

बाबांनी एकेक ओळ सुटी सुटी म्हटली. "वाट गिळून बसला कोनी" आलं आणि मैदान एकदम गार झालं. कुणी भाऊंकडे पाहीना. "नाव नाही घेत" झालं, तरी महादेवाचा गजर करायचं कुणाला सुचलं नाही.

आणि भाऊ हसले. अगदी पोट धरून. टाळ्या वाजवत पुढे आले, बाबांना मिठी मारली. मग गर्दीकडे वळून म्हणाले, "तुळशीरामदादा, अंगावर घेऊ नोका बरं! पुंजाजीबाबाची मस्करी हाये."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग भागवत ओरडला, "काटा कोनाचा हाये बे पांदणीपाशी?" आणि मैदान फुटलं. लोक हसत होते, काकांच्या पाठीवर थापा मारत होते. कितीतरी लोक सुटल्यासारखे हसत होते. मला वाटतं, त्यांना हसायला कुणीतरी हवंच होतं.

काका काही बोलले नाहीत. बोलले असते तर अंगावर घेतल्यासारखं झालं असतं. बैलाचा कासरा धरून तसेच उभे राहिले. बाबांकडे एकदा पाहिलं फक्त.

बाबांना भाऊंनी शाल दिली, वर काचेचं स्मृतिचिन्ह. त्यावर 'झडतीरत्न पुंजाजीबाबा' असं कोरलेलं. घरी आल्यावर बाबांनी ते दाराच्या मागे उलटं ठेवलं.

भाऊंचं डोकं किती चालतं! उभ्या उभ्या, एका क्षणात सगळी झडती दुसऱ्याच्या अंगावर टाकली. मी कित्येक दिवस मान मोडून लिहिलं आणि त्या माणसाला तिथल्या तिथे सुचलं.

४ सप्टेंबर, बुधवार

काल पोरांनी काकांची कुपाटी उपटली. वाट मोकळी केली म्हणत घोषणा देत आले. वाट कुठेच मोकळी झाली नाही, कारण पुढे तार आहे. तारेला कुणी हात लावला नाही.

मी ह्यांना म्हटलं, लोकांना डोळे नाहीत का? हे म्हणाले, "काट्याचं बोलणं सोपं असतं." फार खरं बोलले.

१० सप्टेंबर, मंगळवार

डुकरं काकांच्या सोयाबीनमध्ये शिरली. शेंगा भरत आलेल्या होत्या. सकाळी बघायला गेले तर निम्मं वावर नांगरल्यासारखं.

आणि तलाठी येऊन गेला. पाच जण मिळाले. पाचही जणांनी सांगितलं, वाटेत काट्याची कुपाटी होती, ती तुळशीरामची. आता काकांच्याच अर्जावर वाट अडवणारा म्हणून काकांचं नाव लागतं की काय कोण जाणे.

पिठाच्या गिरणीवर सिंधूकाकू भेटल्या. मी नजर चुकवत होते. त्यांनीच हाक मारली.

"पुंजाजीभाऊनं असं काऊन केलं वं? माह्या हातचं खाल्लं होतं आदल्या दिवशी."

"काकू, ते काकांवर नव्हतं."

"मंग कोनावर होतं?"

गिरणीत चार बायका होत्या. भागवतची बायको पण होती. माझं तोंड उघडलं आणि मिटलं. काकू डबा उचलून निघून गेल्या.

पीठ न घेताच घरी आले. परत जावं लागलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ह्यांच्या मान्यतेचं पत्र आलं. शिक्क्यासकट.

हे दारातच रडले. त्यांना असं रडताना पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढली, मागून आलेली पोरं पुढे गेली, कधी तोंडातून शब्द काढला नाही. मलाही रडू आलं. भाऊंनी झडती मनावर घेतली नाही, शब्द पाळला, हे मानायलाच हवं. पेढे आणले. अर्धं गाव येऊन तोंड गोड करून गेलं. काकांच्या घरी पेढे न्यायची माझी हिंमत झाली नाही. पुडा फडताळात तसाच आहे.

बाबांनी पेढा हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मग गाईला दिला.

१५ सप्टेंबर, रविवार

दुपारी बाबांचं डोकं चेपत होते. डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले, "माहा बाप झडती कोनाले दाखवे नाही. माह्या मायलेबी नाही. म्हने, तोरणाच्या आंधी झडती भाईर गेली का शिळी होते."

मी म्हटलं, "पण आपली कुठे बाहेर गेली होती? घरातच तर होती."

बाबा म्हणाले, "हाव. घरातच होती."

मग कूस बदलली त्यांनी. वय झालं, जुन्या गोष्टी आठवत राहतात. मला मात्र वाटतं, शिळी वगैरे काही नाही. मी तार काढायला नको होती, चूक तेवढीच.

२१ सप्टेंबर, शनिवार

मोबाईलवर स्टेटस ठेवलं. नाव घेणं जमत नाही, निदान एवढं तरी: 'काटा उपटला तरी तार बाकी आहे. ज्याला डोळे आहेत त्याने पाहावं.' तीन वेळा पुसून चौथ्यांदा ठेवलं.

तासाभरात भागवतचं उत्तर आलं, हसणारी चित्रं टाकून: 'वहिनी, तुळशीरामले आणखी एक! भारी!' नंतर आणखी दोघांनी अंगठे पाठवले. एका बाईनं विचारलं, नणंदेवर आहे का?

पुसून टाकलं.

आता कळतं, झाकून बोललं की झाकण आपल्या हातात राहत नाही. ज्याच्यावर बोललो त्यालाही तेच झाकण पांघरता येतं, आणि त्याचे हात लांब असतील तर तो ते कुणाच्याही अंगावर टाकू शकतो.

२९ सप्टेंबर, रविवार

दोन ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. पांदणीचा विषय येणार. काकांनी वाट अडवली असं एकदा तिथे लिहिलं गेलं की संपलं. तार कायमची होईल आणि काका आयुष्यभर वाटचोर.

ह्यांना सांगितलं, मी बोलणार आहे. हे भिंतीकडे बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "काय बोलणार?"

"अजून ठरलं नाही."

"लिहून काढ. मला दाखव आधी. रागाच्या भरात भलतंच काही बोलशील."

खरं आहे ते. दोन दिवस कागद घेऊन बसतेय, पण काही लिहिलंच जात नाही. लिहिलं की आपोआप यमक जुळायला लागतं. यमक जुळलं की नाव गळतं.

२ ऑक्टोबर, बुधवार

सगळं नीट लिहून ठेवते.

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या मंडपात झाली. भाऊ खुर्चीवर, काका मागे खांबाला टेकून. बाबाही काठी टेकत आले. हे पंचायतीच्या दाराशी उभे होते. आम्ही बायका उजवीकडे. पांदणीचा विषय निघाला तशी मी पदर सावरून पुढे सरकले.

मी उभी राहायच्या आत भागवतच उभा राहिला.

"मंडळी, मी कोनाचं नाव घेत नाही. पन काही घरात आत्ताच पेढे वाटले गेले. तोंड गोड झालं. आता थेच तोंड कडू बोलाले निंघालं म्हनतात! देनाऱ्याचा हात धराव का चावाव, हे ज्याचं त्यानं पाहाव. मी नाव घेत नाही."

मंडप हसला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि लगेच दुसरीकडे. मी बोलणार हे त्यानं कसं ओळखलं? पदर सावरताना पाहिलं असेल.

माझे कान तापले. तेव्हा मला पोळ्यातले काका आठवले, कासरा धरून उभे असलेले. असं होत होतं तर त्यांना. उत्तर द्यावं तर अंगावर घेतलं म्हणून हरलो, गप्प बसावं तर ते खरं ठरलं. मीच विणलेलं जाळं, त्यात काकांना अडकवलं होतं. आज माझी पाळी होती.

शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. "बस वं. अंगावर घेऊ नोको."

मी उभी राहिले.

"घेतलं," मी म्हटलं. "मी अंगावर घेतलं. पेढे आमच्या घरी वाटले. भागवतभाऊ, तुम्ही माझ्यावरच बोललात. माझं नाव योगिनी, ते घ्या खुशाल."

कुणी हसलं नाही. कसं हसायचं तेच त्यांना कळेना. अंगावर घेणारा हरतो, पण हरलेला माणूस पुढे बोलत राहिला तर काय करायचं, याची गावाला सवय नाही.

"आता मी नाव घेते. पोळ्याची झडती बाबांची नव्हती, मी लिहिली होती. ती तुळशीरामकाकांवर नव्हती. इंद्रभानभाऊ, ती तुमच्यावर होती. पांदण तुमच्या तारेच्या कुंपणात आहे. काकांची कुपाटी त्यांच्या धुऱ्यावर होती, वाटेत नव्हती. ज्या पाच जणांनी तलाठ्याला सांगितलं त्यांनी आत्ता माझ्याबरोबर चालावं. तार तिथेच आहे."

एवढंच. यमक नव्हतं, काही नव्हतं. माझाच आवाज मला ओबडधोबड लागला.

इंद्रभानभाऊ हसायला गेले. पण हसून ते कुणाच्या अंगावर टाकणार? नाव त्यांच्यावर चिकटलेलं होतं. म्हणाले, "मोजनी करून घेऊ. माहं काही म्हननं नाही." ग्रामसेवकानं खाली मान घालून लिहून घेतलं. मोजणी कधी होईल, कोण जाणे. पण काकांचं नाव तिथे लिहिलं गेलं नाही, हे मी स्वतः वाचून पाहिलं.

पाचांपैकी एकही उठला नाही. सिंधूकाकू उठल्या. माझ्यापाशी आल्या, काही बोलल्या नाहीत, माझ्या शेजारी बसल्या.

तुळशीरामकाका बाबांना हात धरून घरापर्यंत सोडायला आले. वाटेत म्हणाले, "म्हंजे इतके दिवस मी सुनेच्या झडत्याइले वाहवा म्हनत होतो का बे?" बाबा कितीतरी दिवसांनी मोकळं हसले. फडताळातला पुडा मी काकांच्या हातात दिला. पेढे कडक झाले होते, तरी त्यांनी एक तोंडात टाकला.

हे उशिरा आले. चेहरा पार उतरलेला. साहजिक आहे, नोकरीची काळजी. मान्यता काही लगेच काढून घेता येत नाही, पण त्रास देणारे देतातच. मला वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी इतके दिवस गप्प राहिले त्यांचंच नुकसान केलं.

ताट वाढलं तर म्हणाले, "मला आधी का नाही दाखवलंस?"

"काही लिहिलंच नव्हतं. तिथे उभी राहिले आणि आलं तसं बोलले."

ते घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "मला निदान माहीत असायला हवं होतं गं," म्हणाले. बाबा ओसरीवर होते. त्यांची काठी एकदा जमिनीवर वाजली. मला वाटलं पाणी हवंय, म्हणून विचारलं, तर नको म्हणाले.

ह्यांचंही चूक नाही. संसार दोघांचा असतो. मी त्यांच्या हातावर हात ठेवून कबूल केलं, पुढच्या वेळी काही लिहिलं तर सगळ्यात आधी तुम्हालाच दाखवीन.